रेडिओवरचं कुंकू

अण्णा, तुझ्या तेराव्याची मोठी भांडी अजून परत गेलेली नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात उपडी पडली आहेत आणि मी त्यांच्यातून वाट काढत हे लिहायला बसले आहे. लोक आले, चांगलं बोलले. तुझी हुशारी, तुझा शांतपणा, गोऱ्या साहेबांत तुझा असलेला मान. मी सगळं ऐकून घेतलं आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहिले, की ह्याला काही ठाऊक असेल का. माझा स्वभाव तुला नव्यानं सांगायला नको. दूधवाला हसला की मी चरवीत बोट बुडवून बघते. कॉफीची पूड दळून आणली की चिमूटभर पाण्यावर टाकून चिकोरी तळाला जाते का ते बघते. तू म्हणायचास, "अंबू, तुला आमच्या कचेरींत घ्यायला पायजे होतें, अस्के, एकूण एक साहेब घरीं गेले असते."

चार वर्षं मी एकच प्रश्न घेऊन जगले. ह्यांना पोलिसांच्या हाती कोणी दिलं? आणि चार वर्षं माझं उत्तरही एकच होतं. तू.

हे मी तुझ्या तोंडावर म्हटलं होतं, त्यामुळे आता लिहायला संकोच नाही. पण मागच्या अमावास्येपासून, म्हणजे तू गेल्यावर अकराव्या दिवसापासून, मला नीट जेवण जात नाही. का, ते तुला सांगायचं आहे. मला हवं तसं सांगते, मध्ये बोलू नकोस. आता बोलणार तरी कसा.

आपण लहान असताना तू मला महामहम तळ्यावर न्यायचास. दुपारी घाटावर कोणी नसे. तू खालच्या पायरीवर उभा राहून एकच टाळी वाजवायचास आणि पलीकडच्या पायऱ्यांवरून ती परत यायची, पण टाळीसारखी नाही, लांबट, चिमणीनं चिर्र केल्यासारखी. मी म्हणायचे, पलीकडे कोणीतरी बसलंय आणि चेष्टा करतंय. तू मला हात धरून सगळा घाट फिरवून आणलास, कोणी नाही हे दाखवायला. "एकेक पायरी वेगवेगळ्या वेळीं परत देते, म्हणून ती लांब होते," असं तू सांगितलंस. मला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटी जाऊन मंडपामागे बघून आले. तू दहा वर्षांचा होतास आणि मी सात. आपल्या दोघांचे धंदे तेव्हाच ठरले असावेत.

माझ्या लग्नात बाकीच्यांनी पितळेची भांडी दिली. कुंभकोणमात दुसरं काय देणार? तू दिलास एक लाकडी डबा. दोन व्हॉल्व्ह, तांब्याच्या तारेची गुंडाळी, दोन बटणं, सगळं तू कॉलेजात असताना हातानं जोडलेलं. कानाला लावायची दोन डबडी होती. आपल्या मधल्या अंगणातली धुणं वाळत घालायची तार तू त्याला एरियल म्हणून जोडून दिलीस, आणि ओली लुगडी असली की आवाज बारीक यायचा. ह्यांना तर खेळणंच मिळालं. शाळेत पोरांना चित्रकला शिकवून घरी आले की वेष्टी बदलायच्या आत कानाला डबडी. मी म्हणायचे, बायको केली ती कशाला?

मग लढाई आली आणि तू बदललास. आधी बेंगळूरला होतास, मग मद्रासकडे समुद्रावर कुठेतरी. कुठे ते कधी सांगितलं नाहीस. पत्रं यायची ती पाव पान. त्यात प्रकृती, पाऊस, आणि दोन-तीन ओळींवर काळी शाई फासलेली. मी पत्र उजेडाकडे धरून बघायची. एकदा खोबरेल लावून पाहिलं, तर उरलेलं अक्षरही गेलं. लग्नाचं विचारलं की तुझं उत्तर नाही. मी ठरवून टाकलं की एखादी मडमीण असणार. ते खोटं होतं हे मला तुझ्या ट्रंका उघडल्यावर कळलं. चार सदरे, दोन कोट, आईचं जपमाळेचं पाकीट आणि कागदच कागद. अण्णा, त्या ट्रंकेत मडमीण निघाली असती तर मला बरं वाटलं असतं.

तर ते बेचाळीस साल. ऑगस्टात मोठी माणसं पकडली गेली आणि गावागावांतून तारा तुटू लागल्या. ह्यांचा जीव भित्रा, तार तोडायला कुठले जाणार! पण जिथून ऐकायला बंदी होती तिथल्या बातम्या ऐकायचे आणि बारीक अक्षरांत चिठ्ठ्या लिहायचे. चित्रकलेच्या वह्यांत घालून त्या चिठ्ठ्या कुठे कुठे जायच्या. डबा आम्ही तांदळाच्या पिंपामागे हलवला होता. तिथे बसून हे ऐकत आणि बटण मी फिरवत असे, कारण रांगोळी काढून माझ्या बोटांना केसाएवढा फरक कळायचा.

भाद्रपदात बाबांच्या श्राद्धाला तू आलास. एकच दिवस. ब्राह्मण जेवून गेल्यावर तुला पिंपामागचा डबा दिसला. तुझा चेहरा उतरला तो मी पाहिला. तू डबडी कानाला लावलीस, डावीकडचं बटण हळूहळू फिरवलंस, मागे घेतलंस, पुन्हा फिरवलंस. मग खूण करायला पेन्सिल मागितलीस. काळ्या लाकडावर पेन्सिल दिसेना. माझ्या हातात कुंकवाचा करंडा होता. तू तेलात बोट बुडवून त्यातलं कुंकू घेतलंस आणि बटणाच्या काट्यासमोर टिकली लावलीस.

"अंबू, काटा ह्याच्या पुढें नेऊं नकों."

"कसाला म्हणून?"

"नकों म्हणजे नकों."

"पुढें नेलें तर काय होतें? फुटतें?"

"सांगायला वेळ नाहीं. गाडी आहे माझी. भावोजींलाही सांग. ह्याच्या पुढें नाहीं."

तुझी गाडी सुटायला अर्धा तास होता. मी पानावर तुला कायरस वाढला होता, तो तू पुन्हा मागून खाल्लास, तेवढा वेळ तुझ्याजवळ होता. पण कारण सांगायला नव्हता. तुला त्या कचेरीची सवय लागली होती. तुझ्या तोंडाला कुलूप लावलं होतं त्यांनी, आणि घरी आल्यावरही ते काढायचं तुझ्या ध्यानात राहिलं नाही. अण्णा, तू इथे चुकलास. मेलेल्या माणसाची चूक काढू नये म्हणतात, पण मी काढणार. तू दोन मिनिटं बसला असतास तर.

आणि मला, जगात सगळ्यांना सोडून मला, तू कारण न देता नको म्हणालास.

चार दिवस मी काटा टिकलीच्या अलीकडे ठेवला. पाचव्या दिवशी ह्यांना काही ऐकू येईना, नुसती खरखर. मी टिकलीकडे बघत होते. मला वाटलं, पुढेच ते असणार. सरकारी माणूस झाला अण्णा. जे आम्ही ऐकू नये असं त्याच्या साहेबांना वाटतं ते टिकलीच्या पलीकडे आहे, आणि ह्यानं आम्हालाच बंद करून ठेवलंय. मी काटा पुढे नेला. आधी शीळ आली, कान फाटेल अशी. मग दुसरं बटण केसभर हलवलं आणि ती शीळ खाली खाली जाऊन तिच्यातून माणसाचा आवाज निघाला, समोर बसून बोलल्यासारखा. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की लग्नात सुद्धा बघितलं नव्हतं. मला केवढा आनंद झाला! तुझी लबाडी पकडली म्हणून. त्यानंतर रोज दिवे लागले की मी काटा पलीकडे न्यायची.

त्या दिवसांत गल्लीत दोन माणसं पेटी घेऊन फिरत होती. उन्हाचे आमच्या तिण्णैवर बसले. रस्त्याकडेचा हा ओटा म्हणजे वाटेनं जाणाऱ्याची हक्काची जागा. त्यांनी पाणी मागितलं. मला वाटलं हार्मोनियम दुरुस्त करणारे असतील. मी पाण्याबरोबर गूळही दिला. सगळ्या गावाला उलटतपासणी करणारी मी, आणि त्या दोघांना नाव-गाव सुद्धा विचारलं नाही.

पोलीस आले तेव्हा मी दारात रांगोळी काढत होते. त्यांनी घर शोधलं नाही. सरळ तांदळाच्या पिंपाकडे गेले. हे सदरा घालत होते, बटणं लावायलाही वेळ दिला नाही. चुकून रांगोळीवर पाय पडू नये म्हणून हे दारातून तिरके निघाले, आणि शिपायानं ते पळतायत असं समजून त्यांना धक्का मारला. ते पडले तेव्हा कपाळाला रांगोळीची पांढरी पूड लागली. ती तशीच घेऊन गेले.

सरळ पिंपाकडे, अण्णा. पिंपामागे डबा आहे हे जगात तिघांना ठाऊक होतं. दोघं आम्ही होतो.

तू तिसऱ्या दिवशी आलास. कुंभकोणमच्या स्टेशनावर उतरला नाहीस. दोन स्टेशनं अलीकडे, सुंदरपेरुमाळ कोयिलला उतरून बैलगाडीनं मागच्या गल्लीतून आलास, उपरण्यात तोंड झाकून. मी मनात लिहून घेतलं. नंतर सगळे म्हणाले, नोकरी जाईल म्हणून आला असेल तसा. मी म्हटलं, ज्याच्या पोटात काही नाही तो स्टेशनावर उतरतो. आणि घरी येऊन तू काय केलंस? मला जवळ घेतलंस? तू रिकाम्या पिंपामागची जागा बघितलीस, अंगणातली तार बघितलीस, आणि शेजारच्या वैद्यनाथ मामांकडे जाऊन बसलास. तासभर. ते निवृत्त सरकारी माणूस, त्यांच्याकडे मोठा विलायती रेडिओ. मी भिंतीला कान लावला, पण तुम्ही तमिळमध्ये हळू बोलत होतात. मधूनच मामांचा आवाज चढायचा, "मिल, मिल," असं काहीतरी. माझ्या नवऱ्याला नेलंय आणि माझा भाऊ शेजारी बसून भाताच्या मिलच्या गप्पा मारतोय.

तू परत आलास तेव्हा तुझे डोळे लाल होते. मी विचारलं, "कोण सांगिटलें त्यांला?"

तू उपरण्यानं तोंड पुसलंस. मग म्हणालास, "जो सांगिटला त्याला ठाऊक नाहीं, अंबू."

"हें काय उत्तर?"

"एवढेंच आहे."

"तू सांगिटलास."

तू नाही म्हणाला नाहीस. मी वाट बघत होते. देवाशपथ, तू एकदा नाही म्हणाला असतास तर मी तुझ्याशी भांडले असते, रडले असते आणि विश्वास ठेवला असता. तू खाली बघून चपला घातल्यास.

हे तुरुंगातून नऊ महिन्यांनी आले. मी दारात ओळखलं नाही. खोकला घेऊन आले, आणि पुढच्या पावसाळ्याआधी त्या खोकल्यातच गेले. तुझं नाव त्यांच्यासमोर मी काढू दिलं नाही. एकदा म्हणाले, "सेतू तसा नाहीं गे." मी काढ्याची वाटी आपटली. बिचारे पुन्हा बोलले नाहीत. ते गेले तेव्हा तू आलास, सगळं केलंस, लाकडांपासून ब्राह्मणांपर्यंत. आणि मी तुला कॉफी पाहुण्यांच्या पेल्यात दिली. तुझा स्वतःचा पेला, बाबांनी तुझ्या मुंजीत घेतलेला, खाली पोचा आलेला, तो फळीवर तुझ्या समोर होता. तू त्याच्याकडे एकदा बघितलंस आणि पाहुण्यांच्या पेल्यातली कॉफी पिऊन टाकलीस. मला बरं वाटलं होतं. खरं सांगते.

लढाई संपली आणि तुझं कुलूप निघालं. रडार हा शब्द वर्तमानपत्रात आला. तू दर दोन महिन्यांनी यायला लागलास, मी बोलावत नसतानाही. तिण्णैवर बसायचास आणि आपण होऊन सांगायचास, आत मी भाजी चिरत ऐकते आहे हे ठाऊक असल्यासारखा. समुद्राकाठची झोपडी. काचेवर एक हिरवी रेघ, आणि ती रेघ नुसती थरथरत असते, वाऱ्यात गवत हलावं तशी. त्या गवतात एखादी काडी उभी राहिली तर ते विमान, जपान्याचं किंवा आपलं. पण शंभर मैलांवरच्या विमानाची काडी गवताएवढीच असते. मग ओळखायचं कसं? हेच तुझं संशोधन. तू काचेवर पातळ कागद धरून रेघ उतरवून घ्यायचास, पुन्हा, पुन्हा, वीस-वीस कागद. मग सगळे एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरायचे. गवत प्रत्येक कागदावर वेगळ्या जागी. पण खरी काडी असेल तर ती प्रत्येक कागदावर तिथेच. पुढे हेच काम यंत्राकडून करून घेतलंस. ते लिहून विलायतेला गेलं आणि त्यावर तुझं नाव नव्हतं. तू म्हणालास, "गुपित होतें." मी आतून म्हणाले, "चोरी होती." तू हसलास. कितीतरी दिवसांनी आपण त्या दिवशी एकमेकांशी बोललो.

आणि मग मीच ते घालवलं. बाहेर येऊन म्हटलं, "शंभर मैलांवरचें विमान शोधणाऱ्याला बहिणीच्या घरांतला डबा शोधायला किती वेळ लागतो?"

तू ट्रंकेतून तसले कागद काढलेस, माझ्या हातात दिलेस. "तू एकच कागद धरून बसलीस, अंबू. एकदां दिसलें तें खरें म्हणूं नये. परत परत पाहावें."

"पाहिलें. अस्के कागद एकावर एक ठेवले. अस्क्यांत तूच आहेस."

"सरि," म्हणालास तू. ठीक आहे म्हणायचं तुझं ते तमिळ, वाद थांबवायचं. तेच तुझं माझ्या घरातलं शेवटचं बोलणं ठरलं. दोन महिन्यांनी बेंगळूरला ताप आला आणि नऊ दिवसांत तू गेलास.

तुझ्या कचेरीतले एक बंगाली गृहस्थ अकराव्या दिवशी तुझ्या ट्रंका घेऊन आले. भला माणूस, पण मी त्याच्याकडेही नीट बघून घेतलं. तिसरी ट्रंक उघडली तर वर माझं जुनं निळं लुगडं, आणि लुगड्यात गुंडाळलेला आपला डबा. पोलिसांनी नेलेला. बंगाली म्हणाले, तू तो तपासणीसाठी म्हणून सरकारकडून मागून घेतलास आणि परत केलाच नाहीस. व्हॉल्व्ह नवे घातले होते. लाकूड पुसलेलं होतं. पण कुंकवाची टिकली पुसलेली नव्हती. माझ्या कपाळावरचं गेलं, आणि डब्यावरचं तू जपून ठेवलंस.

टिकलीला लागून एक खिळा होता, नवा, बारीक. काटा टिकलीपाशी येऊन त्या खिळ्याला अडायचा.

बंगाली जेवून गेले. मी डब्यासमोर बसले. आणि अण्णा, तू मेलेला असताना, तुझी पिंडं घालायच्या दिवसांत, माझ्या मनात काय आलं असेल? अजून लपवतोय. एवढं झालं, माणूस गेला, राज्य सुद्धा जाणार म्हणतात, आणि हा अजून मला पलीकडे जाऊ देत नाही. मी चुलीजवळची सांडशी आणली आणि खिळा उपटला. तार जोडली. दिवे लागत होते. डबडी कानाला लावली आणि काटा टिकलीच्या पुढे नेला.

शीळ आली. तीच.

आणि भिंतीपलीकडे वैद्यनाथ मामांचा रेडिओ किंचाळला. माझ्या कानात होती तीच शीळ, त्यांच्या मोठ्या कर्ण्यातून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. मी डबडी काढली. मामा तमिळमध्ये ओरडत होते, "अय्यो, आलं परत! चार वर्षांनी आलं परत!"

मी काटा मागे घेतला. शीळ थांबली. मामांच्या रेडिओवर पुन्हा बातम्या.

मी मागच्या दारानं त्यांच्या अंगणात गेले. ते खुर्चीतून उठले होते. "अंबुम्मा, ऐकलंस? तेव्हा हे रोज संध्याकाळी व्हायचं. मी लायसन्सच्या कचेरीला कागद लिहिला होता, की आमच्या गल्लीत कुठलंसं यंत्र ओरडतं. दोन माणसं पेटी घेऊन शोधत आली होती. मग एकाएकी थांबलं. तुझ्या अण्णानं मला सगळं विचारून घेतलं होतं, कोणत्या दिवशी सुरू झालं, किती वाजता, किती वेळ. मग म्हणाला, मिलच्या मोटारीमुळे. आणि हात धरून म्हणाला, मामा, अंबूजवळ त्या दिवसांचं काही काढू नका, तिला सोसणार नाही. म्हणून मी कधी बोललो नाही." त्यांनी बोटांवर तिथी मोजली. "पण आज अमावास्या. मिल बंद आहे. मग हे कसं?"

मी घरी आले. तू शिकवलं तसं केलं. काटा पलीकडे, मामांचा रेडिओ किंचाळला. अलीकडे, थांबला. पलीकडे, किंचाळला. दहा वेळा. दहाही वेळा काडी तिथेच.

आपला डबा नुसता ऐकत नव्हता. टिकलीपलीकडे नेला की तो स्वतःच हवेत ओरडत होता, आणि त्या पेटीवाल्यांनी तो आवाज धरत धरत आमच्या तिण्णैपर्यंत वाट काढली, आणि तिथून अंगणातल्या तारेनं शिपायांना सरळ पिंपाकडे नेलं. त्यांच्यासाठी गूळ मी आणून दिला. ह्यांना तुरुंगात मी पाठवलं. तो खोकला मी दिला. आणि हे तुला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं, मामांच्या खुर्चीसमोर बसून. पाचव्या दिवसापासून, दिवे लागल्यावर. तू दिवस मोजलेस आणि तुला कळलं की मी टिकली ओलांडली. मग लाल डोळे घेऊन तू माझ्यासमोर उभा राहिलास, मी तुला विचारलं, तू सांगितलंस का, आणि तू नाही म्हणाला नाहीस.

नाही म्हणाला असतास तर मी पुढे विचारलं असतं, मग कोण. मी सोडणारी बाई नव्हे, हे तुला मी सात वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं. मला कोणीतरी लागणार होतं. तू स्वतःला दिलंस. त्या दिवसांत मला खरं कळलं असतं तर मी मागच्या विहिरीत गेले असते, अण्णा. तू बरोबर ओळखलंस. तुझ्यावरच्या रागावर मी जगले. रोज उठून तुला शिव्या देत चूल पेटवली.

पण मला तुझा रागही येतो, अजून. हे गेल्यापासून तू पाहुण्यांच्या पेल्यात कॉफी प्यायलास. एका शब्दानं तुझा पेला तुला मिळाला असता. आणि तो खिळा! दोन मिनिटांचं काम. तू तो नंतर ठोकलास, कोणासाठी? जेव्हा ठोकायला हवा होता तेव्हा तू कायरस खात होतास. हे तुलाही दिसत होतं, म्हणूनच ठोकलास ना? रात्र-दिवस तुलाही हेच खात असणार, आणि आपण दोघं एका ओट्यावर बसून हिरव्या गवताच्या गोष्टी करत होतो.

काल तुझा पेला घासला. पोचा तसाच आहे. त्यात कॉफी ओतून मी तिण्णैवर ठेवली, तुझ्या जागी, आणि ती निवेपर्यंत आत भाजी चिरत बसले. चिकोरी नव्हती, बघून घेतलं होतं.

मग मामांकडे गेले. ते रेडिओ पुसत होते. म्हणाले, "मी मिलवाल्याला बोललो. तो म्हणतो मोटार बंदच होती. खोटं बोलतोय लबाड."

मी म्हटलं, "मामा, मिल नव्हती. ती मी होते."

त्यांना कमी ऐकू येतं. कानामागे हात धरून म्हणाले, "काय?"

मी जवळ गेले आणि पुन्हा सांगितलं.